तरुणाची मय्यत आणि ‘अटॅक’

परभणीत तिशीतला मुलगा अचानक गेला की कब्रस्तानातून लोक परतेपर्यंत कारण ठरलेलं असतं. अटॅक! हल्ली त्यात लसीची भर पडली आहे. माझं या दोन्हीशी भांडण आहे.

लसीचं आधी संपवतो. आयसीएमआरने ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयाच्या लोकांच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लसीने धोका वाढल्याचं त्यात आढळलं नाही. धोका जास्त दिसला तो बेसुमार दारू, अतिश्रम यांच्यासोबत आणखी एका गोष्टीत: घरात आधी कुणी असंच अचानक गेलेलं असणं. मग दफनानंतर मागे राहिलेल्या भावाबहिणींची तपासणी का होत नाही?

अटॅक म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी तुंबणं. हृदयाचा स्नायूच जाड होणं किंवा फुगून ढिला पडणं हा वेगळा आजार, आणि तो बऱ्याचदा घराण्यात चालतो. नुसत्या ईसीजीत तो निसटू शकतो. इकोत स्नायूची जाडी मोजता येते. दुसरं कारण नसताना १५ मिलिमीटर किंवा जास्त भरली तर आजार धरतात. रुग्णाच्या सख्ख्या नात्यात १३ वरच डॉक्टर सावध होतात. पुढचं काम हृदयाच्या एमआरआयचं. गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन काढलेल्या चित्रात स्नायूतले व्रण पांढरे उठतात. व्रण जितके पसरलेले, तितकी ठोके जीवघेणे बिघडण्याची भीती जास्त.

हैदराबादच्या सीसीएमबीतल्या शास्त्रज्ञांनी इतरांसोबत २००९ मध्ये दाखवलं की एका हृदय-जनुकातली २५ अक्षरं गळालेली असणं भारतीयांत सुमारे ४ टक्के आहे. एकाच बाजूने आलं तर अनेकांना उतारवयापर्यंत काही जाणवत नाही. आईबाप दोघांकडून आलं तर लहानपणीच घात होऊ शकतो. आता आपल्यातली चुलत-मावस घरची लग्नं आठवा. आणि हे वाचून आमच्याकडे बोट दाखवणाऱ्यांनी मामाची मुलगी करण्याची मराठवाड्यातली जुनी चालही आठवावी. जनुकाला जात-मजहब कळत नाही.

‘तकदीर’ म्हणणाऱ्या बुजुर्गांना माझा सवाल आहे: उंट आधी बांधायची हदीस तुम्हीच आम्हाला शिकवली ना? मय्यतीची चिरफाड नको, हे घरच्यांचं दुःख मी समजू शकतो. पण जिवंत भावाच्या छातीवर इकोचा प्रोब ठेवायला कोणाची हरकत आहे?

पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची शिबिरं तर विचारूच नका. बीपी, शुगर, ईसीजीची पट्टी, बॅनरवर फोटो, झालं.

परभणीला २०२३ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. पंचेचाळिशीच्या आत कुणी अचानक गेला तर त्याच्या भावाबहिणींचा आणि मुलांचा इको तिथे मोफत झाला पाहिजे, जिंतूर, पाथरी, गंगाखेडच्या माणसांसकट. एमआरआय सगळ्यांना लागणार नाही. ज्यांचा इको संशयास्पद निघेल त्यांनाच, आणि नांदेड, औरंगाबाद किंवा हैदराबादला जायचा खर्च सरकारने द्यावा. ही मागणी मी लेखी देणार आहे. सह्या हव्या आहेत.