नामांकन त्यांचं, मत आपलं

दिवाळी तोंडावर आली की झी मराठी पुरस्कारांची नामांकनं निघतात. सर्वोत्कृष्ट सासू, सून, जोडी, कुटुंब, खलनायिका. मग आपल्याला हाक येते, प्रेक्षकहो, मत द्या! यंदाची यादी हाती पडायच्या आत मला काय पाहिजे ते सांगून टाकतो. मागनं बोंबलून उपयोग नाही.

कुणी म्हणेल, चळवळीच्या अंकात सासू-सुना कशाला? दोस्तांनो, आपल्या सभेला शंभर माणसं जमतात. मालिकेला अख्खी वस्ती रोज रात्री हजर असते. माझी आई कराडला, मी मुंबईच्या गोदीत. पाळी सुटली की ती बघते तीच मालिका मी मोबाइलवर बघतो. दुसऱ्या दिवशी फोनवर आम्ही त्याच सुनेवरनं भांडतो. रोज जे घर डोळ्यांपुढं नाचतं, तेच 'घर' म्हणून डोक्यात बसतं. आणि ते घर कुणाचं? बहुतेक वेळा वाड्याचं नाही तर बंगल्याचं. कांबळे, वाघमारे आलेच तर भांडी घासायला, नाही तर हसवायला.

म्हणून पहिली इच्छा: 'सर्वोत्कृष्ट कुटुंबा'त एक कांबळे कुटुंब पाहिजे. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब असलेलं. त्या तसबिरीवर कॅमेरा थांबवून ढोल बडवू नका. दुसऱ्यांच्या देव्हाऱ्यावरनं तो जसा सहज फिरतो, तसाच फिरू द्या. दया नको. त्या घरातली सासू खाष्ट निघाली तरी चालेल. आमची माणसं भांडतात, लबाडी करतात, प्रेमातही पडतात. तेवढं तरी माणूसपण द्या.

दुसरी इच्छा बोलीची. 'लागिरं झालं जी' 2017 ते 2019 चालली. एरवी नोकराच्या तोंडी टाकतात ती सातारी बोली नायक-नायिकेच्या तोंडी आली. हे कबूल करायला लाज कसली? पण गावची बोली आली, गावकुसाबाहेरचं काय?

तिसरी इच्छा मसूरची. मसूर आमच्या कराड तालुक्यातलं स्टेशन. 1901 साली लहानगा भीमराव भावाभाच्यांसोबत वडिलांना भेटायला निघाला आणि तिथं उतरला. जात कळली आणि स्टेशनमास्तरचा चेहरा पालटला. गाडीवान गाडीत घेईनात. शेवटी भाडं दुप्पट मोजायचं, गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवानानं बाजूनं चालायचं, असं ठरलं. आज मुंबईत खोली बघायला गेलो की आधी आडनाव विचारतात, मग भाडं सांगतात. हे मसूर रात्री साडेआठला दाखवणाऱ्या लेखकाचं नाव मला यादीत पाहिजे.

म्हणतील, असले विषय चालत नाहीत. मग स्टार प्रवाहवर 2019 ला सुरू झालेली बाबासाहेबांवरची मालिका 2020 पर्यंत कशी चालली? सोनी मराठीवर 2020 मध्ये 'सावित्रीजोती' आली आणि त्याच वर्षी संपली, हेही खरं. सावित्रीमाईंचं नायगाव आमच्याच जिल्ह्यातलं. पण दोन्ही मालिका इतिहासाच्या. इतिहासात आम्ही चालतो, आजच्या दिवाणखान्यात चालत नाही. मेलेल्या महापुरुषाला हार घालणं सोपं, जित्या कांबळ्याला नायक करणं अवघड.

आता त्या मताचं बघू. वाहिनी आपल्याच मालिकांतनं आधी नावं निवडते, मग आपण त्यातनं एक निवडायचं. 1932 च्या पुणे करारानंतर राखीव जागेवर माणूस आपला आणि मतं सगळ्यांची, अशी गत झाली. इथं तर मतं आपली आणि माणूसही त्यांचाच. यादी करणाऱ्याच्या खोलीत आपण नाही, तर मत देऊन आपण फक्त टाळ्या वाजवतो.

तेव्हा यादी आली की आधी आडनावं मोजा. आपलं एकही घर नसेल तर बोट आवरा, मत देऊ नका. वाहिनीला पत्र लिहा, का दिलं नाही ते सांगा. आणि ज्याला लिहिता येतं त्यानं कवितेची वही जरा बाजूला ठेवून मालिकेचे भाग लिहायला घ्यावेत. मी घेतलेत.