मामांची होडी आणि किलोचा भाव

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. उन्हाळ्यात मामांकडे होतो, केज तालुक्यात, धनेगावच्या धरणाकाठी. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण ते हेच. तिथे आठवडाभर एकच उद्योग केला, मामांची ॲल्युमिनियमची होडी दुरुस्त करण्याचा. त्यावरून नातेवाइकांचे बरेच फोन झालेत, म्हणून माझं म्हणणं इथेच लिहून टाकतो.

होडी मामांनी जुनीच घेतलेली. 2016 साली धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्या वर्षी काठावर आलेली होडी लिंबाखाली पालथी पडली ती पडलीच. पुढे धरणात पाणी आलं, पण तोवर तिचा तळ गळायला लागला होता. मग मामा चप्पूवर जाळं टाकायला जाऊ लागले. चप्पू म्हणजे थर्माकोलचे ठोकळे बांधून केलेला तराफा. वर मांडी घालून बसायचं. वारा सुटला की मामी दारात येऊन उभी राहते, कारण मामांना साठी उलटून गेलीय.

घरातल्या सगळ्यांचा सल्ला एकच, "भंगारात द्या, ॲल्युमिनियमला भाव आहे." मामा एवढंच म्हणाले, "कामून द्यायची? त्या पैशात दुसरी येती का?"

नाही येत! किलोचा भाव पत्र्याचा असतो, होडीचा नसतो, हे आपल्या शिकलेल्या मंडळींना का सुचू नये?

गळती शोधायची तर होडी विटांवर सुलटी ठेवून आत पाणी भरायचं आणि बाहेर जिथे ओल दिसेल तिथे खडूने खूण करायची. सोपं आहे, पण एप्रिलमध्ये तीस बादल्या पाणी मागायला तोंड होत नाही. मामीने दिलं, पण गळून जाणारं सगळं टोपल्यांत धरून म्हशीला पाजायचं या अटीवर.

अकरा खुणा झाल्या. त्यातल्या सात जुन्या दुरुस्तीच्याच! कुणीतरी लोखंडी बोल्ट मारून वर एम-सील थापलं होतं. लोखंड आणि ॲल्युमिनियम ओलीत एकमेकांना चिकटून राहिले की बॅटरीच्या सेलसारखा प्रकार होतो आणि ॲल्युमिनियम झिजत जातं. बोल्टभोवती पांढरी भुकटी दिसली की समजायचं. ती स्वस्तातली दुरुस्तीच आम्हाला महागात पडली.

वेल्डिंगचा विचार आधीच सोडला. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, पण त्यावरचा ऑक्साईडचा पापुद्रा 2000 च्याही वर टिकतो. त्याला आर्गॉनचं मशीन आणि सरावाचा हात लागतो. गावातल्या वेल्डरने प्रामाणिकपणे सांगितलं, "भोक मोठं होईल."

शेवटी मदतीला आले चिकलठाण्याच्या एस.टी. कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक काका. ॲल्युमिनियमच्या बसबॉड्यांना रिपिटा मारण्यात त्यांचा जन्म गेला. पोकळ पॉप रिपीट त्यांनी हातातसुद्धा घेतली नाही, "त्यातून पाणी येतं" म्हणाले. भरीव रिपीट, आतून मी लोखंडी ठोकळा धरलेला, बाहेरून त्यांचा हातोडा. ठिगळाखाली गाडीची काच चिकटवायची काळी पेस्ट. माझ्या हाताला अजून मुंग्या येतात.

खर्च साडेतीन हजारांच्या आत बसला. रंग दिलाच नाही. बाक जुन्या फळीचा. पैसे वाचवायचे ते इथे. रिपिटा, पत्रा आणि पेस्ट यांत काटकसर करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांनी फोनवर "एम-सील लाव की" सांगितलं, त्यांनी राग मानू नये.

होडी पाण्यात उतरवली. एका कोपऱ्यात अजून थेंब थेंब येतं, त्यासाठी मामांनी डालड्याचा जुना डबा ठेवलाय. पहिल्या दिवशी दोन कटले आणि एक राहू मिळाला.

चप्पू मात्र त्यांनी अजून मोडलेला नाही. मामी रोज विचारते, आणि ते रोज "उद्या" म्हणतात.