झिरोचा बल्ब परवडला



आज रात्री सगळं आवरून, दिवे मालवून झाले की एकदा दारात उभ्या राहा आणि घरात किती दिवे चालूच राहिलेत ते मोजा. आमच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्या घरात अकरा निघाले. वायफायच्या डबीवर चार, सेट-टॉप बॉक्सचा एक, टीव्हीचा तांबडा, पाण्याच्या फिल्टरचा निळा, इन्व्हर्टरचा हिरवा, फ्रिजच्या स्टॅबिलायझरवरचे आकडे, एक्स्टेन्शन बोर्डाचा एक आणि एसीवरचा तापमानाचा आकडा. यातला एकही मी लावलेला नाही, आणि एकालाही बटण नाही.

हा विषय काढला की घरचे हसतात. "एवढासा दिवा, त्याचं काय घेऊन बसलीस?" बाहेरचे तर हसतातच. म्हणून आधी त्यांचा मुद्दा मान्य करून टाकते. विजेच्या बिलाचं माझं काहीच म्हणणं नाही. असा एक दिवा फार तर ०.०६ वॉट खातो, म्हणजे वर्षभर अखंड जळला तरी साधारण अर्धं युनिट. आपल्या लहानपणी झोपायच्या खोलीत असायचा तो झिरोचा बल्ब नावालाच झिरो, प्रत्यक्षात बारा-पंधरा वॉटचा. पण त्याला बटण होतं. हवा तेव्हा लावला, नको तेव्हा विझवला. माझं भांडण नेमकं इथेच आहे. माझ्या घरात उजेड कधी असावा आणि कधी नसावा हे मी ठरवायचं, की डबी बनवणाऱ्याने?

आणि हे दिवे असे डोळ्यांत घुसायला लागले ते अलीकडेच. तांबडा एलईडी १९६२ सालापासून आहे. जुन्या टेपरेकॉर्डरवर मिणमिणायचा तो, कुणाला त्रास नव्हता. झगझगीत निळा एलईडी मात्र १९९३ साली आला. त्या कामासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली नोबेल मिळालं, आणि ते योग्यच होतं. आज आपल्या घरातले कमी विजेचे पांढरे दिवे त्याच शोधातून आलेत. माझा राग त्यांच्यावर नाही. तोच झगझगाट उचलून फिल्टरच्या तोंडावर बसवणाऱ्यावर आहे.

अंधारात आपला डोळा बदलतो. तांबडं फारसं दिसत नाही, निळं-हिरवं मात्र जास्त प्रखर दिसतं. म्हणून शोरूममध्ये ट्यूबलाइटखाली जो निळा ठिपका "काय छान दिसतोय" वाटतो, तोच रात्री दोन वाजता भिंतभर पसरतो. शिवाय डोळ्यांतल्या ज्या पेशी मेंदूला दिवस-रात्र कळवतात, त्यांना सगळ्यात जास्त कळतो तो निळाच उजेड. झोपायच्या खोलीसाठी याहून चुकीचा रंग शोधून सापडला नसता! आमच्या सासूबाई हॉलमध्ये झोपतात, कारण तिथून संडास जवळ. त्यांना मोतिबिंदू आहे. अशा डोळ्यांत उजेड फाकतो, ठिपक्याचा फुलोरा होतो. रात्री जाग आली की त्या पदर डोळ्यांवर ओढून पडून राहतात. "एवढासा दिवा" म्हणणाऱ्यांनी एक रात्र त्यांच्या जागेवर झोपून बघावं.

आता आपल्या घरांपुरता एक मुद्दा. वीज सचित्त की अचित्त, हा वाद मी इथे काढत नाही, तो महाराजसाहेबांकडे. पण श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड विरमण आहे, ते तर आपण सगळ्याच मानतो. गरज नसताना, काही हेतू नसताना घडणारी हिंसा ती अनर्थदंड. चातुर्मासात ओट्यावर रात्री एक थेंब पाणी राहू नये म्हणून आपण जपतो, आणि त्याच ओट्यावर फिल्टरचा निळा दिवा पहाटेपर्यंत जळत असतो. कीटक निळ्या-जांभळ्या उजेडाकडे जास्त ओढले जातात, पिवळ्या-तांबड्याकडे कमी. मिठाईच्या दुकानात किडे मारायचं यंत्र टांगलेलं असतं, त्याचा रंग आठवा. पावसाळ्यात आमच्या फिल्टरभोवती चिलटं जमायची आणि भिंतीवर पाल टपून बसायची. फिल्टर रात्रभर बंद, पाणी भरलेलं, पाहायला कुणी नाही, मग हा दिवा नक्की कुणाला काय सांगत होता?

उपाय आहेत, आणि ते मी सगळे केलेत. सगळ्यात सोपा म्हणजे टिकली. मखमली, मरून रंगाची, मोठ्या आकाराची. उजेड पूर्ण झाकायचा नसेल तर तांबडी नेलपॉलिश, दोन हात, मध्ये वाळू द्यायची. काळी इन्सुलेशन टेप पक्की, पण उन्हाळ्यात तिचा चिकटा सुटतो. एसीच्या रिमोटवर डिस्प्ले किंवा लाइट असं बटण असेल तर ते दाबून बघा. बऱ्याच जणींना ते माहीतच नसतं. वायफायच्या काही डब्यांत सेटिंगमध्ये जाऊन दिवे बंद करता येतात, ते काम मुलांकडून करून घ्या. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि एसीवर रिमोटचा डोळा दिव्याच्या शेजारीच असतो, तो झाकू नका. हवेच्या जाळ्या झाकू नका. आजारी माणसाच्या यंत्रावरच्या दिव्याला तर हातही लावायचा नाही. तो खरंच काहीतरी सांगत असतो. इन्व्हर्टरच्या बिघाडाच्या दिव्याचंही तेच.

पण हे सगळं सांगताना मला चीड येते. दहा-पंधरा हजारांची वस्तू घ्यायची आणि तिला पाच रुपयांच्या टिकल्यांनी सुसह्य करायचं, हे बाईनेच का करायचं? एका कंपनीच्या माणसाला मी हे विचारलं तर म्हणाला, "मॅडम, सगळेच टेप लावतात." म्हणजे त्यांना माहीत आहे! दिवा मंद करायला आत जास्त रोधाचा रेझिस्टर टाकायचा असतो, काही पैशांचा. बटण द्यायचं तर थोडे जास्त. हे न होण्याचं कारण खर्च नाही. दुकानाच्या लखलखाटात वस्तू उठून दिसावी, एवढंच कारण आहे. पाच मिनिटांच्या दुकानासाठी आपल्याला दहा वर्षांच्या रात्री विकल्या जातात. डब्यावर विजेचे तारे छापलेले असतात, वर्षाला किती युनिट लागतील तेही असतं. दिवा विझतो की नाही, हे कुठेच छापलेलं नसतं.

आपण विचारत नाही म्हणून नसतं. फ्रिज, फिल्टर, मिक्सर हे कोणतं घ्यायचं ते बहुतेक घरांत आपणच ठरवतो. दुकानदारालाही ते पक्कं ठाऊक असतं, म्हणून तर तो आपल्यालाच सरबत विचारतो. तर एवढं करा. आधीच घेतलेल्या वस्तूच्या ग्राहक सेवेला फोन करून तक्रार नोंदवा, "दिवा फार प्रखर आहे, बंद करता येत नाही" या शब्दांत, आणि तक्रारीचा नंबर मागून घ्या. वस्तू चालू आहे, तक्रार कसली, असं समोरचा म्हणेल. तरी नंबर घ्या.

आणि या दिवाळीत नवीन काही घ्यायला गेलात, तर पैसे काढण्याआधी दुकानदाराला म्हणा, "भाऊ, दोन मिनिटं इथली ट्यूब बंद करा, मला ही अंधारात बघायची आहे." तो हसेल, मागे उभे असलेले आपले अहो घड्याळ बघतील. ट्यूब बंद होईपर्यंत पर्स उघडू नका.