गुलामगिरीचा धडा कोणी शिकवायचा?

गुलामांचा व्यापार कोठे झाला, असा प्रश्न आपल्या धर्मशिक्षण वर्गातील मुलांना विचारला, तर 'अमेरिकेत' हे उत्तर ठरलेले असते. मुलांचा यात दोष नाही. त्यांच्या पाठ्यपुस्तकात अब्राहम लिंकन आहे, कापसाचे मळे आहेत. परंतु गोवा नाही, वसई नाही, आणि ज्या साष्टी बेटावर आपले विलेपार्ले वसले आहे ती साष्टीही नाही. दोष आहे तो आम्हां शिकवणाऱ्यांच्या पिढीचा, आणि त्याविषयीच येथे स्पष्ट लिहावयाचे आहे.

सोळाव्या शतकात गोव्याच्या रुआ दिरैता या मुख्य रस्त्यावर दररोज सकाळी लिलाव भरत असे. घोडे, मसाले, गालिचे यांच्याबरोबर तेथे माणसेही विकली जात. हे वर्णन चर्चच्या कोणा वैऱ्याने केलेले नाही. ते यान हाउखेन व्हान लिन्सखोतेन या डच तरुणाचे आहे. १५८३ ते १५८८ या काळात तो गोव्यात होता, आणि तोही कोणाच्या पदरी, तर खुद्द महागुरुस्वामी फोन्सेका यांच्या. त्याचे पुस्तक १५९६ साली प्रसिद्ध झाले. मोझांबिककडून आणलेले आफ्रिकी स्त्री-पुरुष, बंगालच्या किनाऱ्यावरून पळवलेली मुले या बाजारात येत. सरदारांच्या वाड्यांत गुलाम होते, तसे धर्मसंघांच्या मठांतही होते. १५६७ साली गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मसभेने या विषयाची चर्चा केली. पण कोणता गुलाम 'न्याय्य' आणि कोणता 'अन्याय्य' एवढाच भेद तिने केला. गुलामगिरीच अन्याय्य आहे, असे म्हणण्याचे धैर्य तिला झाले नाही.

मीरा नावाच्या एका भारतीय मुलीची हकिकत घ्या. पोर्तुगीज चाच्यांनी तिला पळवले, कोचीनला तिचा स्नानसंस्कार झाला, आणि त्यानंतर मनिलामार्गे तिला मेक्सिकोत नेऊन विकण्यात आले. पुएब्ला शहरात कातारिना दे सान हुआन या नावाने ती १६८८ साली वारली, तेव्हा लोक तिला पुण्यवती मानत होते. ज्या स्नानसंस्काराने माणूस देवाचे लेकरू होतो, तो घेतल्यावरही ती विक्रीची वस्तूच राहिली. या एका वाक्याने आपली झोप उडावयास हवी.

यावर तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, या जुन्या गोष्टी उकरून काय साधणार? आक्षेप घेणाऱ्यांनी पवित्र शास्त्र उघडावे. तुम्ही मिसर देशात दास होता हे विसरू नका, अशी आज्ञा देवाने इस्राएलला पुन:पुन्हा दिली. वल्हांडणाचा सणच मुळी गुलामगिरीच्या आठवणीवर उभा आहे, आणि त्याच सणाच्या भोजनात प्रभूने मिस्साबलिदानाची स्थापना केली. जी ख्रिस्तसभा दररोज वेदीसमोर स्मरण करते, तिने विस्मरणाची बाजू घ्यावी हे विपरीत होय.

दुसरा आक्षेप असा की, हे पाप गोऱ्यांचे. आमचे पूर्वज तर भातशेती करणारे गरीब लोक होते. गोव्याचा बाजार चालवणारे ते नव्हते, हे खरे. परंतु फिरंगी राजवटीतील चर्च, संत आणि सण यांचा वारसा आपण अभिमानाने सांगतो. वारशातील दागिने तेवढे घ्यावयाचे आणि कर्ज शेजाऱ्याच्या दारात टाकावयाचे, हा व्यवहार कोणत्याही कुटुंबात मान्य होत नाही.

तिसरा आक्षेप दबक्या आवाजात घेतला जातो, आणि तोच खरा आहे. आज दिवस बरे नाहीत. आपणच असे बोललो तर आपल्यावर टपलेल्यांच्या हाती कोलीत मिळेल. ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण जे ग्रंथालयांत छापून पडले आहे ते आपल्या मौनाने लपत नाही. आपल्या तरुणांना ते आपण सांगितले नाही, तर कोणीतरी द्वेषाने सांगेल, आणि तेव्हा त्यांच्यापाशी उत्तर नसेल. शिवाय या महाराष्ट्रात गुलामगिरी एकट्या फिरंग्यांची नव्हती. खडकी वसवणारा मलिक अंबर हबशी मुलखातून विकला जाऊनच दख्खनेत आला. पेशवे दप्तरात कुणबिणींच्या खरेदी-विक्रीचे कागद आहेत. जो आपले पाप आधी सांगतो, त्यालाच इतरांना आरसा दाखवण्याचा अधिकार पोहोचतो.

परमपवित्र पोपमहोदयांनी ही वाट दाखवून दिली आहे. १४५२ साली पाचव्या निकोलसने पोर्तुगालच्या राजाला अख्रिस्ती लोकांना दास करण्याची मुभा दिली होती. १८३९ साली सोळाव्या ग्रेगरीने गुलामांच्या व्यापाराचा स्पष्ट निषेध केला. या दोन तारखांमध्ये जवळजवळ चारशे वर्षे आहेत. १९९२ साली दुसरे जॉन पॉल सेनेगलमधील गोरे बेटावर, जेथून गुलामांची जहाजे सुटत, तेथे गेले आणि त्यांनी क्षमा मागितली. पोपमहोदय क्षमा मागू शकतात, तर आपल्या धर्मग्रामांना संकोच कशाचा?

आमची मागणी साधी आहे. दृढीकरणाच्या तयारीत हा धडा असावा. ९ सप्टेंबरला संत पीटर क्लेवर आणि ८ फेब्रुवारीला संत जोसेफिन बखिता यांच्या सणांना मुलांना केवळ चमत्कार न सांगता बाजार, बेड्या आणि कायदे यांविषयीही सांगावे. नाशिकला सहल नेणाऱ्यांनी शरणपूरही दाखवावे. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तेथे प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी शिक्षण व हातचे कसब दिले. त्यांपैकीच जेकब वेनराइट हा १८७४ साली लिव्हिंग्स्टनची शवपेटी घेऊन लंडनला गेला. हे पुण्य दुसऱ्या पंथाचे म्हणून आपण ते सांगू नये काय?

शेवटी एक गोष्ट सुखवस्तू घरांसाठी. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. तरीही १९८० च्या दशकात, आपल्याच वसई तालुक्यात, आदिवासी वेठबिगारांच्या सुटकेसाठी श्रमजीवी संघटनेला लढावे लागले. आज आपल्या इमारतींत झारखंडहून आणलेली मुलगी स्वयंपाकघरात निजते. तिचा पगार मध्यस्थाच्या हाती जातो आणि रविवारी मिस्साला जाण्यासाठीही तिला परवानगी मागावी लागते. लिलाव उठला म्हणून मालकी उठली असे होत नाही. गुलामगिरीचा इतिहास मुलांना नीट शिकवला, तर हा प्रश्न मुलेच जेवणाच्या टेबलावर काढतील. त्या वेळी वडीलधाऱ्यांनी उत्तर तयार ठेवावे.