स्वल्पविराम मराठीचा की इंग्रजीचा?

'रोको, मत जाने दो' आणि 'रोको मत, जाने दो' हा जोक आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलाय. तिथे स्वल्पविराम हलला की लगेच हसू येतं. पण हॉस्टेलच्या नोटिशीत तो चुकतो तेव्हा कुणी हसत नाही, कारण तो कुणाला दिसतच नाही!

हे वाक्य बघा : 'स्टुडंट्स, हू हॅव नॉट पेड द मेस बिल, विल नॉट बी सर्व्हड.' अशी नोटीस कुठल्याही हॉस्टेलात सापडेल. इंग्रजीच्या नियमाने याचा अर्थ असा, की विद्यार्थ्यांना जेवण मिळणार नाही. आणि जाता जाता कळवतो, की त्यांच्यापैकी एकानेही बिल भरलेलं नाही. म्हणजे एक तारखेला पैसे भरणाराही उपाशी! दोन्ही स्वल्पविराम काढा, मग फक्त थकबाकीवालेच अडकतात.

कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला यासाठी एक सोपी कसोटी शिकवली होती. 'हू' किंवा 'व्हिच'चा तुकडा बोटाने झाकून वाक्य वाचायचं. 'कोणते?' असा प्रश्न पडला तर तो तुकडा गरजेचा, स्वल्पविराम नको. प्रश्न पडला नाही तर ती जादा माहिती, दोन्ही बाजूंना स्वल्पविराम हवा. इंजिनिअरला हे माहीत नसेल तर महागात पडेल. 'तडा गेलेले गर्डर बदला' असं सांगायचं असताना इंग्रजीत दोन स्वल्पविराम पडले, की अर्थ होतो, 'सगळे गर्डर बदला, सगळ्यांनाच तडा गेलाय'!

आता खरी गंमत. मराठीत हे काम स्वल्पविराम करतच नाही, शब्दांची जागा करते. आपल्या उजनीच्या पाण्यावरचंच उदाहरण घ्या. 'भिगवणला जे पक्षी थंडीत येतात, ते उन्हाळ्यात परत जातात.' इथे 'जे' हा 'पक्षी'च्या आधी आला आणि त्याने निवड केली. बारमाही बगळे आपोआप बाजूला राहिले. मधला स्वल्पविराम फक्त अर्धं वाक्य संपल्याची खूण. उलट, 'पट्टकादंब, जे हिमालय ओलांडून येतात, इथे थंडीभर राहतात,' यात 'जे' नंतर आला, म्हणून ती जादा माहिती.

म्हणूनच मराठी मीडियमचा मुलगा इंग्रजीत लिहितो, 'द स्टुडंट्स हू हॅव नॉट पेड, विल नॉट बी सर्व्हड.' 'ज्यांनी भरले नाहीत, त्यांना मिळणार नाही' हे वाक्य त्याच्या डोक्यात असतं आणि त्यातला स्वल्पविराम तो प्रामाणिकपणे इंग्रजीत नेतो. इंग्रजीत ती चूक आहे, हे मान्य. पण ती बिनडोक चूक नाही, तिच्यामागे एका भाषेचं व्याकरण आहे. इंदापूर, बारामतीच्या खेड्यांतून आलेल्या मित्राचा रिपोर्ट वाचून आमच्यासारखे कॉन्व्हेंटवाले खिदळतात, ते मला म्हणूनच पटत नाही. त्याला हसण्यापेक्षा ती बोटाची कसोटी दोन मिनिटांत शिकवता येते.

आणि गर्व कसला करायचा? आपल्या मोडी कागदांत ना स्वल्पविराम होता, ना दोन शब्दांत मोकळी जागा. तरी त्या लिपीत राज्याचे हिशेब आणि हुकूम चालले. इंग्रजी पद्धतीची ही चिन्हं मराठीत रुजवली मेजर थॉमस कँडी यांनी. त्यांचं 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक १८५० चं. म्हणजे चिन्ह बाहेरून आलं, पण मराठीने ते आपल्या पद्धतीने वापरलं. उसनं घेतलं तरी घर आपलंच ठेवलं!

ऑफिसला एकच विनंती. दंड, मुदत, मेस, रूम यांच्या नोटिसा मराठीतही लावा. 'जे-ते' लावून लिहिलेल्या वाक्यात कोण अडकलं आणि कोण सुटलं, हे गावाकडून आलेल्या आईवडिलांनाही एका वाचनात कळतं. आणि इंग्रजीत लिहायचंच असेल, तर सही करण्याआधी एकदा बोट ठेवून बघा.