वाडा पडू द्यावा काय?

साकोली तालुक्यातील एका खेड्यात कित्येक वर्षे ओस पडलेला मालगुजारी वाडा एका कुटुंबाने राहण्यासाठी दुरुस्त करावयास घेतला आहे. नवरा-बायको दोघेही नोकरदार. नवरा मालगुजाराचा पणतू. ही वार्ता ऐकताच आमच्या एका परिवर्तनवादी मित्राने उद्गार काढले : "सरंजामशाहीचे कलेवर सजविण्याचा हा उद्योग!" वाक्य टाळ्या घेणारे आहे. पण ते चूक आहे, आणि का चूक आहे हे सांगणे अर्थशास्त्राचा जुना शिक्षक म्हणून मला अगत्याचे वाटते.

मालगुजारीविषयी मला यत्किंचितही ममत्व नाही. भोसल्यांच्या अमदानीत सारा वसूल करणाऱ्याला इंग्रजांनी १८६० नंतरच्या जमाबंदीत गावाचा मालकच करून टाकले आणि कुळांचा खंड व बेगार यांवर हे वैभव पोसले गेले. ३१ मार्च १९५१ रोजी तो मालकी हक्क संपुष्टात आला, हे योग्यच झाले. पण वाडा बांधला कोणी? जंगलातून सागाची तुळई ओढून आणणारा, भिंतीची माती तुडविणारा, चुन्याच्या घाणीमागे बैल हाकणारा कोण होता? मालगुजाराने हुकूम सोडला एवढेच. तेव्हा वाडा कोसळल्याने सरंजामशाही कोसळत नाही. मातीस मिळतात ते ज्यांचा मोबदला कधीच मिळाला नाही असे श्रम.

शिवाय ओस वाड्याचे होते काय, ते आमच्या मित्रांनी एकदा पाहावे. माकडे कवेलू फोडतात. एका फुटक्या कवेलूतून पावसाळाभर पाणी मुरते आणि काही वर्षांत मातीची भिंत बसते. मग व्यापारी येतो, सागाचे खांब आणि नक्षीदार चौकट मातीमोलाने उचलतो, आणि ती शहरातील एखाद्या हॉटेलात 'पारंपरिक' शोभा म्हणून उभी राहते. हा कोणता समाजवाद? राहते घर टिकते, कारण गळणारे पाणी तेथे झोपणाऱ्याच्या अंगावर पडते आणि तो मृगापूर्वी कवेलू फेरून घेतो.

या कुटुंबाला प्रथम भेटलेल्या कंत्राटदाराने सिमेंटचा गिलावा सुचविला होता. मातीच्या भिंतीवर तो चढविला की ओल आतच कोंडते आणि भिंत पायथ्याशी कुजते. तो सल्ला नाकारून त्यांनी चुन्याचे काम जाणणारा एक वृद्ध गवंडी शोधला. त्याच्या हाताखाली गावातील दोन तरुण आज रोख मजुरीवर शिकत आहेत. मातीची भिंत सरकारी व्याख्येत 'कच्ची' ठरते, म्हणून गावोगाव गरीब माणूस घरकुलासाठी आपले जुने घर मोडतो. दुरुस्तीचे हे ज्ञान त्याच्यापर्यंत पोहोचेल, तर ते वाड्याहूनही मोलाचे.

मात्र एका बाबतीत माझे या कुटुंबाशीच भांडण आहे. वारसावास्तू म्हणून शासकीय अनुदान मागण्याचा आणि 'वाडा व तलाव बांधणारे' म्हणून पणजोबांच्या नावाची पाटी लावण्याचा त्यांचा मानस आहे. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत, आणि त्यांच्यामागे कोहळी समाजाचे पिढीजात कौशल्य आहे. वाडा व घरखेती मालगुजाराकडे राहिली. तलाव शासनाकडे गेले, पुढे पुष्कळसे जिल्हा परिषदांकडे आले आणि गाळाने भरत राहिले. त्याच पाण्यावर धान पिकतो, ढिवरांची मासेमारी चालते. सार्वजनिक पैसा असेलच, तर तो आधी पाळीच्या डागडुजीला व गाळ काढण्याला लागला पाहिजे. वाडा त्यांनी आपल्या पगारातून उभा करावा. त्यात राहण्याचा त्यांचा अधिकार मी सर्वांशी भांडून मान्य करीन.

हे मी त्यांच्या ओसरीवर बसून सांगितले. अनुदानाचा अर्ज त्यांनी तूर्त थांबविला आहे. पाटीविषयी नवरा-बायकोत अद्याप एकमत नाही.