गुन्हा लिहितो कोण?



आमच्या वर्ध्यात दारूबंदी आहे. सत्तरच्या दशकापासून आहे. बापूंचा जिल्हा ना! सेवाग्रामात पाहुणे चरखा बघून जातात आणि इकडे ठाण्याच्या डायरीत दारूबंदी कायद्याचं कलम 65 चढत राहतं. कुणाच्या नावापुढं? मोहाची हातभट्टी लावणाऱ्याच्या, डोक्यावर कॅन घेऊन पायी निघालेल्या बाईच्या. पारधी बेड्यावर छापा पडला की फोटोसकट बातमी. दार लावून विलायती ढोसणारा शेठ त्या डायरीत शोधून दाखवा.

वर्षाअखेरीला याच डायऱ्यांची बेरीज होते. त्या बेरजेला सरकार गुन्हेगारी म्हणतं. आणि त्या बेरजेवर जे शास्त्र उभं आहे ते क्रिमिनॉलॉजी.

परवा अभ्यासमंडळातल्या एका पोट्ट्यानं विचारलं, "भाऊ, यात एम.ए. केलं तं पोलिसात लागते का जी?" दुसरा लगेच उखडला. मोर्चाला पोरं मिळत नाहीत अन् याला डिग्री पाहिजे! मला वाटतं दोघंही चुकताहेत. पोलिसात जायला एम.ए. लागत नाही. आणि मोर्चा संपल्यावर जी फिर्याद लिहिली जाते, ती वाचता येणारा माणूस मोर्चाला लागतोच.

हे शास्त्र आपल्या बापाचं नाही, हे कबूल. इटलीच्या लोम्ब्रोसोनं 1876 मध्ये पुस्तक काढलं : गुन्हेगार जन्मतःच गुन्हेगार, कवटीवरून ओळखा. पण आपला साहेब त्याच्याही पुढं. 1871 मध्येच त्यानं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. कवटी मोजायची तसदी कशाला, जात विचारली की झालं! पाळण्यातलं पोरसुद्धा सरकारी दफ्तरात चोर. 31 ऑगस्ट 1952 ला या जमाती विमुक्त झाल्या. सात वर्षांत मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला. पाटी बदलली, दुकान तेच. अमेरिकेच्या सदरलँडनं 1939 मध्ये पांढरपेशी गुन्हेगारी असा शब्द काढला, कोट घालून लुटणाऱ्यांकडं बोट दाखवलं. आपल्या ठाण्यात तो शब्द अजून पोचायचा आहे.

आता खैरलांजी. 29 सप्टेंबर 2006. वर्ध्याहून भंडारा काही लांब नाही. एका दलित कुटुंबातल्या चौघांना गावानं मारलं. 2008 मध्ये सत्र न्यायालयानं आठ जणांना दोषी धरलं, सहांना फाशी सुनावली. लोकांनी पेढे वाटायचे का? ॲट्रॉसिटी कायदा लागलाच नाही! कोर्टाला त्यात सूड दिसला, जात दिसली नाही. 2010 मध्ये हायकोर्टानं फाशीची पंचवीस वर्षं केली. आपण फाशी-फाशी ओरडत होतो. जात कागदावर कुठं पुसली गेली, पंचनाम्यात, जबाबात की दोषारोपपत्रात, हे ओळ न् ओळ वाचून सांगणारे आपल्यात किती होते? 1995 च्या नियमांप्रमाणं या कायद्याखालचा तपास डीवायएसपीच्या खालच्या अधिकाऱ्यानं करायचा नाही. कुणा फौजदारानं केला की आरोपीच्या वकिलाचं अर्धं काम झालं. हे फिर्यादीला माहीत नसतं. माहीत असलेला माणूस पहिल्या रात्री ठाण्यात हजर पाहिजे.

तुरुंगाचंही तेच. 2022 च्या सरकारी आकड्यांत देशात 5,73,220 कैदी होते आणि त्यांतले सुमारे 76 टक्के कच्चे, म्हणजे गुन्हा शाबीत न झालेले. कच्च्यांतला पाचातला एक अनुसूचित जातीचा. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टानं 3 ऑक्टोबर 2024 ला तुरुंगातली जातवार कामं घटनाबाह्य ठरवली. रजिस्टरातला जातीचा रकाना काढायला सांगितला. फार चांगलं. पण बराकीत झाडू कुणाच्या हातात जातो ते निकालपत्र बघायला जात नाही. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प 1990 पासून तुरुंगात आणि ठाण्यात बसून काम करतो. क्रिमिनॉलॉजीची मास्तरकी झाडण्यापेक्षा मला हे जास्त पटतं.

शिकायचं कुठं? टाटा संस्था आहे. सागर विद्यापीठातला विभाग 1959 चा, मद्रासचा 1965 चा. वर्ध्याहून सगळंच लांब, आणि लांब म्हणजे पैसा. 2018 मध्ये त्याच टाटा संस्थेत आपल्या पोरांना फी-सवलतीसाठी संप करावा लागला, हे विसरून अर्ज भरू नका. परदेशी जाणाऱ्यांसाठी दिल्लीची गंमत ऐका : अनुसूचित जातींसाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीतून 2022 पासून भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास वगळले. म्हणजे लंडनला जा, पण खैरलांजीवर अभ्यास करायचा नाही! राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती वेगळी, ती बघा.

1 जुलै 2024 पासून कायदे नवे आहेत. फिर्याद आता 154 खाली नाही, नागरिक सुरक्षा संहितेच्या 173 खाली. जुनी गाईडं रद्दीत घाला. आणि जातीचा दाखला, पडताळणी, उत्पन्नाचा दाखला जाहिरातीच्या आधीच काढून ठेवा. जाहिरात आली की खिडकीवरचा बाबू जेवायला गेलेला असतो.